पेरणीआधी मशागत, आजाराआधी कागद



रोहिणी नक्षत्र लागले की आपल्या घरात कुणाला काही सांगावे लागत नाही. माळ्यावरची पाभर खाली येते, फण तपासले जातात, बियाणे चाळून होते. पेरणीच्या दिवशी पाभर दुरुस्त करायला बसणारा शेतकरी गावात हशाचा विषय होतो. पण याच घरात आजारपणाची तयारी काय केली आहे, असे विचारले तर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. रेशन कार्ड कुठे आहे? पेटीत असेल. त्यावर धाकट्या सुनेचे नाव चढले आहे का? ते बघावे लागेल. आजोबांच्या आधार कार्डावर जन्माचे साल बरोबर आहे का? ते कुणी कधी पाहिलेच नाही.

आजार काही पंचांग पाहून येत नाही. घरातल्या कर्त्या माणसाच्या छातीत रात्री कळ येते, मिळेल त्या वाहनाने त्याला जिल्ह्याच्या गावी नेतात, आणि तिथे खिडकीवर पहिला प्रश्न येतो, "कार्ड आणले आहे का?" कार्ड गावी. गावी असलेल्या कार्डावर नाव अर्धवट. मग पाहुण्यांना फोन, सावकाराचे दार, सोसायटीची उचल, आणि आठ दिवसांत दोन एकर गहाण. त्याच माणसाच्या त्याच शस्त्रक्रियेला सरकारची योजना होती, हे घरी परतल्यावर कुणीतरी सांगते. तोवर गहाणखतावर अंगठा उमटलेला असतो.

म्हणून आज एकच गोष्ट नीट सांगायची आहे. सरकारी मदतीच्या उपचाराला आपण पात्र आहोत की नाही, हे दवाखान्यात ठरत नसते. ते आपल्या घरातल्या कागदांवर आधीच ठरलेले असते. दवाखान्यात ते फक्त तपासतात.

गरीब कोण, हे ठरते कसे?

मदत म्हटली की उंबरठा आला. कुणाला आत घ्यायचे आणि कुणाला बाहेर ठेवायचे, याचे माप सरकारने वेळोवेळी बदलले आहे. आपल्या राज्यात १९९७ साली 'जीवनदायी' योजना आली ती दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबांपुरती, आणि तीही मोजक्या मोठ्या आजारांपुरती. १ मे १९९९ पासून रेशन कार्डाला तीन रंग आले. वर्षाला पंधरा हजारांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना पिवळे, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी, आणि त्याहून अधिक असलेल्यांना पांढरे. घरात चारचाकी असेल किंवा चार हेक्टरांहून अधिक बागायत असेल, तरीही पांढरे.

तोवर रंगाचा संबंध गहू, साखर आणि रॉकेल यांच्याशी होता. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २१ नोव्हेंबर २०१३ पासून ती राज्यभर पसरली, तेव्हा या रंगांना खरे मोल आले. पिवळे आणि केशरी आत, पांढरे बाहेर. आत असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे उपचार, मूत्रपिंड बसवायचे असेल तर अडीच लाखांपर्यंत. मराठवाडा, अमरावती विभाग आणि वर्धा मिळून चौदा अडचणीतल्या जिल्ह्यांत पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यांनाही पुढे आत घेण्यात आले. २०१७ साली या योजनेला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक जोतिरावांनी १८८३ साली पुरे केले. कागद न कळणाऱ्या कुणब्याला कागदवाल्यांनी कसे नागवले, याचा हिशेब त्यात आहे. त्यांच्याच नावाच्या योजनेचा लाभ आज कागदावाचून अडावा, हे मनाला लागते.

२३ सप्टेंबर २०१८ रोजी केंद्राची आयुष्मान भारत योजना आली. तिने वेगळेच माप घेतले. २०११ च्या सामाजिक, आर्थिक आणि जात गणनेत ज्यांची घरे वंचित ठरली, ती घरे पात्र. कच्च्या भिंतींची आणि कच्च्या छपराची एकच खोली, घरात सोळा ते एकोणसाठ वयाचा कुणी नाही, बाई कर्ती आणि कमावत्या वयाचा पुरुष नाही, अपंग माणूस आहे आणि धडधाकट कुणी नाही, अनुसूचित जाती-जमातीचे घर, भूमिहीन मजुराचे घर, अशा खुणा त्यासाठी धरल्या.

शेतकऱ्याच्या पदरात माप कसे पडते?

माप गरिबाच्या बाजूचे होते यात शंका नाही. पण ते आपल्या शेतकरी घरांत कसे बसले, तेही पाहिले पाहिजे.

त्या गणनेत काही घरे आधीच बाजूला काढली होती. अडीच एकर बागायत आणि पाण्याचे एखादे यंत्र असेल तर घर बाहेर. जमीन साडेसात एकर आणि पाण्याचे एक यंत्र असेल तरी बाहेर. घरात मोटारसायकल असेल तरी बाहेर, शीतकपाट असेल तरी बाहेर. आणि किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा पन्नास हजार किंवा त्याहून जास्त असेल, तरीही बाहेर. आता हे कार्ड म्हणजे कर्जाचे कार्ड, हे बँक जाणते आणि आपणही जाणतो. गणतीच्या कागदाने मात्र ते सुबत्तेचे लक्षण मानले. ज्याच्या डोक्यावर पीककर्ज, तो सधन ठरला.

दुसरी अडचण उत्पन्नाची. नोकरदाराला दर महिन्याला पगाराची चिठ्ठी मिळते. शेतकऱ्याचे उत्पन्न एका वर्षी बरे असते, दुसऱ्या वर्षी कांदा वावरातच नांगरून टाकावा लागतो, तिसऱ्या वर्षी काढणीला आलेल्या सोयाबीनवर पाऊस पडतो. दाखला काढताना जमीन किती, बागायत किती, जिरायत किती, पीक कोणते, यावरून अंदाज धरतात. विहिरीला पाणी आहे की तळाला दगड दिसतो आहे, हे सातबाऱ्यावर कळत नाही. सावकाराचे व्याज तर कोणत्याच उताऱ्यावर येत नाही.

हे रडगाणे नव्हे. माप कसे आहे हे कळले, म्हणजे आपल्या घराचा कोणता कागद कुठे अडतो ते कळते. शिवाय गेल्या काही वर्षांत हा उंबरठा बराच खाली आला आहे. ते गावोगावी अजून पोचलेले नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आज कोणती दारे उघडी आहेत?

पहिले दार सरकारी दवाखान्याचे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय आणि जिल्हा रुग्णालय ही राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाची रुग्णालये. १५ ऑगस्ट २०२३ पासून तिथे केसपेपरचेही पैसे नाहीत. तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिथे उत्पन्न विचारत नाहीत, कार्डाचा रंग पाहत नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये दुसऱ्या खात्यांखाली येतात, तेव्हा तिथले नियम तिथेच विचारून घ्यावेत.

दुसरे दार महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे. केंद्राची आयुष्मान भारत योजना आणि ही योजना राज्यात आता एकत्र चालतात. २८ जुलै २०२३ रोजी सरकारने निर्णय केला आणि १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. पिवळे, केशरी, पांढरे असा भेद या योजनेपुरता संपला. रेशन कार्ड असलेले राज्यातले प्रत्येक कुटुंब, आणि कार्ड नसेल तर अधिवासाचा दाखला असलेले कुटुंबही, आता पात्र आहे. मर्यादा वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांची. म्हणजे चार हेक्टर बागायत असलेल्या घरानेही, "आपले कार्ड पांढरे, आपल्याला कोण विचारतो," असे म्हणून घरी बसू नये.

मात्र या दाराच्या अटी लक्षात ठेवा. योजनेच्या यादीत असलेल्या रुग्णालयातच लाभ मिळतो. यादीत असलेल्या उपचारांनाच मिळतो, आणि त्यांतले काही उपचार सरकारी रुग्णालयांसाठी राखलेले आहेत. दाखल होऊन घ्यायचा उपचार यात येतो. खोकल्याचे औषध घेऊन परत यायचे असेल तर ते यात नाही. आजार जुना आहे म्हणून नाकारता येत नाही. यादीतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस बसतो. अनामत भरण्याआधी त्याचे टेबल गाठा. आधी खिशातून पैसे भरायचे आणि मागून योजनेतून परत मागायचे, असा हा व्यवहार नाही. उपचाराला आधी मान्यता घ्यावी लागते. तातडीच्या वेळी ती फोनवरून घेऊन उपचार सुरू करण्याची सोय आहे. चौकशी आणि तक्रार १५५३८८ या क्रमांकावर करता येते. आयुष्मान भारतचा क्रमांक १४५५५ आहे.

तिसरे दार म्हाताऱ्या माणसांचे. २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षे पुरी झालेल्या कोणालाही, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये घेतले आहे. त्यांच्यासाठी 'वय वंदना' कार्ड निघते. घर आधीच योजनेत असेल, तर या वडीलधाऱ्यांसाठी वर्षाला पाच लाखांची वेगळी सोय आहे. म्हणजे म्हाताऱ्याच्या उपचाराने नातवाचा वाटा खर्ची पडत नाही. वय मात्र आधार कार्डावरचे धरतात.

चौथे दार धर्मादाय रुग्णालयांचे, आणि हेच फार थोड्यांना ठाऊक असते. शहरांतली कित्येक बडी रुग्णालये सार्वजनिक विश्वस्त संस्थांची आहेत. इमारत काचेची असली तरी नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक प्रमाणे, आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, अशा रुग्णालयांनी शंभरांतल्या दहा खाटा निर्धन रुग्णांसाठी आणि दहा दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी राखायच्या असतात. निर्धनाला उपचार मोफत आणि दुर्बलाला सवलतीच्या दराने. त्यासाठी रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांतले दोन टक्के वेगळ्या निधीत टाकायचे असतात. तातडीचा रुग्ण आला तर अनामत मागत न बसता त्याला दाखल करून जीव वाचवणारे उपचार सुरू केले पाहिजेत.

उत्पन्नाची अट इथे अजून आहे. कुटुंबाचे सगळे मिळून वर्षाचे उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांपर्यंत असेल तर निर्धन, आणि तीन लाख साठ हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. पुरावा म्हणून तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, दारिद्र्यरेषेखालचे कार्ड किंवा रेशन कार्ड लागते. तिथे वैद्यकीय समाजसेवक असतो, त्याला भेटायचे. खाट असून नाही म्हणाले, तर जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयात लेखी तक्रार करता येते. फुले योजनेच्या यादीत नसलेला उपचार लागला, किंवा पाच लाख पुरले नाहीत, तर हे दार उपयोगी पडते. म्हणून फुले योजनेला उत्पन्नाची अट उरली नाही तरी उत्पन्नाच्या दाखल्याची गरज संपलेली नाही.

एक घर डोळ्यांपुढे आणू

नियम नुसते वाचले तर डोक्यावरून जातात. म्हणून समजा, एक घर आहे. बाहत्तर वर्षांचे आजोबा, अडुसष्टच्या आजी, दोन मुलगे, दोन सुना, तीन नातवंडे, आणि वाड्यालगत राहणारे सालगड्याचे कुटुंब. सहा एकर जमीन, त्यांतली तीन बागायत, विहिरीवर मोटर, आणि किसान क्रेडिट कार्डावर एक लाख.

आजोबांचे वय सत्तरच्या पुढे. त्यांचे वेगळे कार्ड निघायला हवे. पण आधारावर त्यांचे वय त्रेसष्ट लागले आहे, कारण नोंदवणाऱ्याने विचारले आणि आजोबांनी अंदाजाने सांगितले. शाळेचा दाखला किंवा दुसरा पुरावा असेल तर तो शोधून दुरुस्ती आजच करायला हवी. मोतीबिंदू असो की हृदय, दुखणे दारात आल्यावर दुरुस्तीला सवड मिळत नाही.

आजी अजून सत्तरच्या आत. त्या घरच्या रेशन कार्डावरच येणार. कार्डावर नाव आहे 'सखुबाई' आणि आधारावर 'सखू'. एवढ्याशा फरकाने संगणक अडतो. दोन्हीकडे एकच नाव हवे.

थोरल्या मुलाचे घर त्या २०११ च्या यादीत सापडणार नाही. तीन एकर बागायत आणि मोटर यांनी ते बाहेर काढले. त्याने निराश होण्याचे कारण नाही. १ जुलै २०२४ पासून तो रेशन कार्डावर पात्र आहे.

धाकटी सून दोन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली. तिचे नाव अजून माहेरच्या कार्डावर आहे, सासरच्या कार्डावर नाही. आपल्याकडे ही चूक घरोघरी सापडते. माहेरच्या कार्डावरून नाव कमी केल्याचा दाखला आणून सासरच्या कार्डावर नाव चढवायचे, हे लग्नानंतरचे पहिले काम समजावे. सत्यनारायणाची पूजा वेळेवर होते, मग हे का होऊ नये? तिचे बाळंतपण सरकारी रुग्णालयात करायचे ठरले, तर २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाप्रमाणे बाळंतपण, औषधे, दाखल असतानाचे जेवण आणि नेण्या-आणण्याचे वाहन मोफत आहे. शस्त्रक्रियेने बाळंत झाली तरी मोफत. बाळाचा जन्मदाखला लगेच काढून त्याचेही नाव कार्डावर चढवावे.

मधल्या नातवाला चालताना धाप लागते. तो अंगणवाडीत किंवा शाळेत जात असेल तर २०१३ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक तिथे येऊन मुले तपासते. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी हा कार्यक्रम आहे. हृदयाला छिद्र निघाले तर पुढच्या उपचाराची वाट हेच पथक दाखवते. मास्तरांनी तपासणीचा दिवस कळवला की मुलाला त्या दिवशी वावरात नेऊ नये, शाळेत पाठवावे.

धाकटा मुलगा कारखान्यात कामाला पुण्याला आहे. त्याचे नाव गावच्या कार्डावर राहिले तरी राज्यातल्या कोणत्याही जिल्ह्यात, यादीतल्या रुग्णालयात त्याला लाभ मिळतो. मात्र कार्डाची प्रत आणि आधार त्याच्याजवळ असावे, गावच्या पेटीत नव्हे. भाऊ वेगळे झाले असतील तर कार्डही वेगळे करून घ्यावे. चुली दोन आणि कार्ड एक राहिले तर पाच लाखांची मर्यादाही दोघांत एकच राहते.

आता सालगड्याचे घर. त्याच्याकडे सातबारा नाही, पेटी नाही, बहुधा वेळही नाही. तो दुसऱ्या तालुक्यातून आलेला. त्याचे कार्ड तिकडेच पडून आहे, नाहीतर आईबापांच्या कार्डावर नाव अडकले आहे. भूमिहीन मजूर म्हणून २०११ च्या यादीत त्याचे घर असण्याचा संभव सगळ्यांत जास्त, आणि ते शोधून देणारे कुणी नाही. मालकाने एक दिवस आपल्या कागदांबरोबर त्याचेही कागद तालुक्याला नेले, तर त्याचे लेकरू वाचेल आणि मालकाचीही उचल वाचेल. ज्याच्या घामावर आपली सुगी उभी राहते, त्याचा एवढा तरी हक्क आपल्यावर आहे.

या आठवड्यात करण्याची कामे

पहिले काम, घरातली सगळी माणसे एका जागी बसवून रेशन कार्डावरची नावे मोठ्याने वाचा. कोण राहिले, कोण वारले, कोण लग्न होऊन गेली, ते लिहून काढा. मग प्रत्येकाचे आधार काढून नाव, वय आणि फोनचा क्रमांक ताडून पाहा. आधाराला जोडलेला फोन बंद पडला असेल तर तो आधी बदला, कारण कार्ड काढताना खुणेचा आकडा त्याच फोनवर येतो. दुरुस्तीसाठी तहसीलच्या पुरवठा शाखेत अर्ज करावा आणि पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज म्हणजे वाऱ्यावरची वरात.

दुसरे काम, उत्पन्नाचा दाखला. सेतू केंद्रात किंवा आपले सरकार सेवा केंद्रात अर्ज करायचा. तलाठ्याचा अहवाल लागतो. (तलाठ्याला २०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, माणूस तोच.) सातबारा आणि आठ-अ जवळ ठेवा. पीक बुडाले असेल तर पंचनाम्याची प्रत दाखवा, म्हणजे अंदाज खऱ्याच्या जवळ जाईल. दाखल्यावर मुदत लिहिलेली असते, ती बहुधा ३१ मार्चला संपते. म्हणून दर साली एप्रिलनंतर तो नवा काढावा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने अशा दाखल्यांना दिवसांची मुदत बांधून दिली आहे. मुदत टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. उत्पन्न लपवून खोटा दाखला मात्र काढू नये. तो उघडकीला आला तर ऐन उपचारात अडचण होते, आणि एका खोट्या दाखल्याने खऱ्या गरजूची खाट जाते.

तिसरे काम, आशाताईंना किंवा सेवा केंद्राला विचारून प्रत्येकाचे आयुष्मान कार्ड काढून घ्यावे. कार्ड काढून देतो म्हणून मोठी रक्कम मागणारा मध्यस्थ भेटला तर त्याला दारातूनच राम राम करावा.

चौथे काम भगिनींसाठी. घराची नड काय असते ते त्यांनाच आधी कळते, म्हणून कागद त्यांच्या ताब्यात असावेत. रेशन कार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला, जन्माचे दाखले, जुन्या आजाराचे केसपेपर या सगळ्यांच्या दोन-दोन प्रती एका पिशवीत घालाव्यात आणि ती पिशवी खुंटीला, सगळ्यांना दिसेल अशी लावावी. आपल्या जिल्ह्यातल्या यादीतल्या रुग्णालयांची नावे एका कागदावर लिहून तोही आत ठेवावा. कुणाला न्यायची वेळ आली तर माणसाबरोबर ती पिशवी गेली पाहिजे.

एक मात्र ध्यानात असू द्या. साप चावला, विजेचा झटका बसला, छातीत कळ आली, फवारताना विष चढले, तर कागदांसाठी क्षणभरही थांबू नका. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका मोफत आहे. जवळचे सरकारी रुग्णालय गाठा. कागद मागून येतील.

लाज कशाची धरायची?

शेवटची गोष्ट कागदाची नाही, मनाची आहे. धर्मादाय रुग्णालयाच्या अर्जावर 'निर्धन' हा शब्द छापलेला असतो. पाच एकरांचा धनी, चार माणसांत पाटील म्हणून वावरलेला, त्या शब्दापाशी थबकतो. "आम्ही काय भिकेला लागलो?" असे म्हणतो आणि अर्ज तसाच ठेवून देतो. मग जमीन विकतो. जमीन विकल्यावर मात्र तो खरोखरच निर्धन होतो.

या उपचाराला धर्म समजू नका. मिठापासून डिझेलपर्यंत आपण जे जे विकत घेतो, त्यांतल्या बहुतेकांवर कर भरतो. त्याच तिजोरीतून ही योजना चालते. धर्मादाय रुग्णालयांना ज्या सवलती मिळतात, त्या सार्वजनिक कामासाठी मिळतात, आणि गरीब रुग्णाची खाट हेच ते काम आहे. हक्काने मागावे, नम्रपणे मागावे, आणि नाही म्हणाले तर कारण लिहून मागावे.

ज्या घराला खरोखर ऐपत आहे त्याने गरिबाची खाट अडवू नये, हेही त्याच न्यायाने आले. पण ऐपत नसताना मानापायी घर बुडवण्यात कसला मान? पोरांच्या नावावर राहायची जमीन आणि बापाचा जीव, दोन्ही वाचत असतील, तर अर्जावरच्या एका शब्दाने कुणाचे नाक कापले जात नाही.

तेव्हा आज जेवणे झाली की पेटी उघडा आणि ते रेशन कार्ड बाहेर काढा. आपल्या घरातले कोणते नाव त्यावर नाही, तेवढे तरी आज पाहून ठेवा.